रिचार्जसाठी नवा फोन घेण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"आजी, या फोनवर हा प्लॅन चालणार नाही, फोन बदलावा लागेल." सातारा शहरात पोवई नाक्यावर असो की दहिवडी-म्हसवडकडच्या एखाद्या छोट्या दुकानात, रिचार्ज करायला गेलेल्या ज्येष्ठांना हे वाक्य सर्रास ऐकायला मिळते. पेन्शन किंवा दुधाच्या पैशांतून रिचार्ज करणारी ही माणसे निमूटपणे नवा हँडसेट घेऊन घरी येतात. दुकानदाराचे म्हणणे काही वेळा बरोबर असते, बऱ्याचदा अर्धवट असते आणि काही वेळा साफ चुकीचे असते. यातले कोणते कधी, हे गिऱ्हाईकाला कळावे म्हणून हे पत्र.

प्लॅन हा कंपनीच्या संगणकावरचा हिशोब असतो. अमुक दिवस बोलणे, अमुक एसएमएस, अमुक जीबी डेटा, एवढीच नोंद तुमच्या नंबरापुढे होते. हातात कोणता फोन आहे याच्याशी त्या नोंदीला सहसा काही देणेघेणे नसते. फोनची अट घालते ते नेटवर्क. सिमकार्ड ज्या कंपनीचे, तिचा टॉवर आवाज कोणत्या पद्धतीने वाहून नेतो आणि तुमच्या फोनला ती पद्धत येते का, एवढाच प्रश्न असतो.

आपल्याकडे टॉवरवरून आवाज मुख्यतः दोन वाटांनी जातो. पहिली वाट जुनी, 2जीची. साधा बटणांचा फोन याच वाटेने बोलतो. एअरटेल, व्हीआय आणि बीएसएनएल या तिघांचेही 2जी अजून चालू आहे. त्यामुळे यांच्यापैकी कोणाचेही सिम असेल, तर दहा वर्षांपूर्वीचा बटणांचा फोनही बोलण्यापुरता पुरेसा आहे. दुसरी वाट 4जीवरून थेट बोलण्याची, तिला व्होल्टी म्हणतात. जिओची सेवा 5 सप्टेंबर 2016 रोजी सुरू झाली ती निव्वळ 4जीवर. त्या कंपनीकडे 2जी किंवा 3जीचे टॉवरच नाहीत, म्हणून जिओच्या सिमला व्होल्टी येणारा फोन लागतोच. 2जीच्या फोनमध्ये जिओचे सिम घातले तर रिचार्ज कितीही रुपयांचा असो, पडद्यावर रेंज येणारच नाही. इथे दुकानदार खरे बोलतो. पण तोच नियम तो एअरटेलच्या सिमलाही लावू लागला, तर तो चुकीचा आहे.

मधली एक अवस्था आहे आणि सगळ्यात जास्त घोटाळा तिथेच होतो. फोन 4जी असतो, इंटरनेट 4जीवर नीट चालते, पण व्होल्टी त्याला येत नाही किंवा सेटिंगमध्ये बंद पडलेले असते. एअरटेल किंवा व्हीआयच्या सिमवर असा फोन कॉल आला की 4जी सोडून 2जीवर उतरतो, बोलणे संपले की परत वर चढतो. त्यामुळे कॉल जोडायला काही सेकंद जास्त लागतात, बोलत असताना नेट अडकते, आवाजही जरा दबका येतो. याची परीक्षा सोपी आहे. कोणाला तरी कॉल लावा आणि बोलणे चालू असताना पडद्याच्या वरच्या कडेला पाहा. 4जीचे चिन्ह टिकून राहिले तर व्होल्टी चालू आहे. त्या जागी इंग्रजी ई किंवा 2जी आले तर नाही. फोन बदलायच्या आधी सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडून व्होल्टी किंवा '4जी कॉलिंग' नावाचे बटण चालू करा आणि नेटवर्कचा प्रकार आपोआप निवडला जाईल असा, म्हणजे ऑटोवर ठेवा. बॅटरी वाचते म्हणून कोणीतरी तो '2जी फक्त' वर ठेवलेला असतो, दुरुस्तीच्या दुकानात फोन रिसेट झाला की व्होल्टीचे बटणही कधीकधी बंद होते. अँड्रॉइड फोनमध्ये डायल पॅडवर *#*#4636#*#* दाबल्यास बऱ्याच मॉडेलमध्ये तपासणीचे पान उघडते. तिथे फोन सध्या कोणत्या नेटवर्कवर बसला आहे ते दिसते.

दोन सिमच्या जुन्या फोनांत आणखी एक अडचण दडलेली असते. साधारण 2015 ते 2017 च्या सुमाराच्या बऱ्याच फोनांत पहिल्या खाचेला 4जी आणि दुसऱ्या खाचेला फक्त 2जी अशी रचना होती. काहींत कोणत्या सिमला 4जी द्यायचे ते सेटिंगमधून ठरवावे लागते. अशा फोनच्या दुसऱ्या खाचेत जिओचे सिम गेले की 'नो सर्व्हिस' दिसते आणि फोन 'या कंपनीला चालत नाही' असा शिक्का बसतो. सिम पहिल्या खाचेत घातले की तोच फोन व्यवस्थित बोलतो. नवा फोन घेण्याआधी सिमांची अदलाबदल करून पाहावी, पैसा लागत नाही.

आता ज्यांना खरोखर विशिष्टच फोन लागतो ते प्लॅन. जिओफोन आणि जिओ भारत या हँडसेटसाठीचे स्वस्त रिचार्ज त्याच हँडसेटला बांधलेले आहेत. जिओ भारत 2023 मध्ये 999 रुपयांना आला, त्याच्यासोबत 28 दिवसांचा 123 रुपयांचा प्लॅन होता. या प्रकारचा रिचार्ज असलेले सिम काढून दुसऱ्या स्मार्टफोनमध्ये घातले तर त्या प्लॅनचा लाभ तिथे मिळत नाही, सर्वसाधारण गिऱ्हाईकाचा रिचार्ज करावा लागतो. उलट बाजूनेही कुलूप आहे. हे फोन इतर कंपन्यांचे सिम स्वीकारत नाहीत. आठवडी बाजारात किंवा ओळखीतून जुना जिओफोन स्वस्तात मिळाला म्हणून घेतला आणि घरात मात्र सगळ्यांची सिम दुसऱ्या कंपनीची, अशी फसगत सहज होते. विकणाऱ्याने हे आधी सांगायला हवे. सांगत नसेल तर आपले सिम त्याच्यासमोर घालून कॉल लावून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

मग ज्याला इंटरनेट नको, फक्त बोलायचे आहे, त्याने काय करावे? दूरसंचार नियामक ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये ग्राहक संरक्षण विनियमांत दुरुस्ती करून कंपन्यांना केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे वेगळे रिचार्ज देणे बंधनकारक केले. विशेष रिचार्जची मुदतही 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत वाढवायला परवानगी दिली. त्यानंतर जानेवारी 2025 मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी असे प्लॅन आणले, त्यांत वर्षभराचेही आहेत. या प्लॅनांना वेगळा फोन लागत नाही. तरीही बऱ्याच दुकानांत ते आपणहून कोणी सांगत नाही. 'डेटा नसलेला, फक्त कॉलचा' असे स्पष्ट शब्दांत मागावे लागते किंवा कंपनीच्या ॲपमध्ये शोधावे लागते.

याच प्लॅनांबद्दल एक गैरसमज जोरात पसरला आहे. व्होल्टीचा कॉल 4जीवरून जातो, म्हणजे त्याला डेटा लागणार, मग डेटा नसलेल्या प्लॅनवर जिओचा फोन मुका होणार, अशी ही समजूत. हे खरे नाही. व्होल्टीच्या आवाजासाठी नेटवर्क स्वतंत्र मार्ग राखून ठेवते आणि तुमच्या जीबीतून त्यासाठी काही कापले जात नाही. मोबाइल डेटाचे बटण बंद करून कॉल लावून पाहा, कॉल लागतो. डेटा लागतो तो व्हॉट्सॲपवरच्या कॉलला. ज्या घरात आजोबांशी नातवंडे व्हिडिओवर बोलतात, तिथे कॉलचा प्लॅन घेतल्यावर वायफाय तरी हवे, नाहीतर ते बोलणे बंद पडेल. रिचार्ज निवडताना हा विचार आधी करावा.

जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा आपल्या भागातून पुष्कळ जण बीएसएनएलकडे वळले. त्यांच्यापैकी अनेकांची तक्रार एकच असते, फोन 4जी आहे, गावातला टॉवर 4जी झाला, तरी नेट 2जी-3जीचेच. यामागे बहुधा दोनपैकी एक कारण असते. पहिले कारण सिम. 4जीला नव्या प्रकारचे सिमकार्ड लागते आणि वर्षानुवर्षे पाकिटात-फोनात फिरलेले 2जी-3जीचे सिम 4जी टॉवरवर नोंद होऊ शकत नाही. ग्राहक सेवा केंद्रातून सिम बदलून घेतले की हा प्रश्न सुटतो. दुसरे कारण बँड. टॉवर ज्या लहरींवर बोलतो त्यांना क्रमांक दिलेले असतात. बीएसएनएलचे 4जी मुख्यतः 700 मेगाहर्ट्झ म्हणजे बँड 28 आणि 2100 मेगाहर्ट्झ म्हणजे बँड 1 यांवर आहे. 4जीच्या पहिल्या काही वर्षांतल्या बऱ्याच फोनांत बँड 28 नाहीच, 4जी बटणांच्या काही फोनांतही नसतो. अशा फोनला 700 चा टॉवर ऐकूच येत नाही, मग घर टॉवरच्या शेजारी का असेना.

बँडचा हाच मुद्दा डोंगराळ भागात जिओच्या सिमला लागू पडतो. जिओचे 4जी 850, 1800 आणि 2300 मेगाहर्ट्झवर आहे, म्हणजे बँड 5, 3 आणि 40. यातली 850 ची लहर लांब पोचते आणि भिंतीतून आत शिरते, 2300 ची क्षमता जास्त पण पल्ला कमी. पाटण, जावळी, कोयनेच्या काठची गावे इथे जाड भिंतींच्या आणि उतरत्या छपरांच्या घरांत आत बोलायचे तर बँड 5 असणारा फोन हवा. अंगणात पूर्ण रेंज आणि स्वयंपाकघरात शून्य, असे होत असेल तर प्लॅन बदलून फरक पडणार नाही. आधी शेजाऱ्याचा त्याच कंपनीचे सिम असलेला फोन त्याच खोलीत धरून पाहा. त्याला रेंज आहे आणि आपल्याला नाही, तर दोष फोनच्या बँडचा किंवा अँटेनाचा. दोघांनाही नाही, तर टॉवरचा. बँडची यादी फोन बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलच्या पूर्ण क्रमांकाखाली असते, काही खोक्यांवरही छापलेली असते. मॉडेलचा पूर्ण क्रमांकच पाहावा, कारण एकाच नावाचे दोन फोन असतात. नोकिया 105 आणि नोकिया 105 4जी हे दोन वेगळे फोन आहेत, पहिला जिओला चालत नाही.

परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या फोनांचे वेगळे दुखणे असते. एक तर तो तिथल्या कंपनीला लॉक केलेला असू शकतो, ते कुलूप तीच कंपनी काढू शकते. दुसरे म्हणजे फोनमध्ये व्होल्टीची क्षमता असूनही भारतीय कंपन्यांसाठीची जुळणी त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलेली नसते. तेव्हा एअरटेल-व्हीआयवर तो 2जीवरून बोलतो आणि जिओवर नेट चालते पण साधा कॉल लागत नाही. सॉफ्टवेअर अद्ययावत केल्याने काही वेळा काम होते. कुठून तरी उतरवलेली फाइल टाकून देणाऱ्या दुकानदाराच्या हाती मात्र असा महागाचा फोन देऊ नये.

कोयनानगर, बामणोली, महाबळेश्वरच्या खोऱ्यांत जिथे टॉवरची रेंज नाही पण घरात ब्रॉडबँड आले आहे, तिथे वायफाय कॉलिंग हा चांगला मार्ग आहे. एअरटेलने डिसेंबर 2019 मध्ये आणि जिओने जानेवारी 2020 मध्ये ही सोय सुरू केली. आहे त्याच प्लॅनवर, त्याच नंबरावरून, वेगळे पैसे न देता साधा कॉल घरच्या वायफायवरून जातो. समोरच्याकडे काही लागत नाही, त्याचा बटणांचा फोनही चालतो. इथे मात्र हँडसेटची अट खरी आहे. फोनमध्ये वायफाय कॉलिंगचे बटण असावे लागते आणि तुमच्या कंपनीने त्या मॉडेलला मान्यता दिलेली असावी लागते. बटण असूनही कॉल जात नसेल तर सेटिंगमध्ये 'वायफायला प्राधान्य' हा पर्याय आहे का पाहा. नाहीतर फोन एका काडीच्या अशक्त टॉवरला चिकटून बसतो आणि बोलणे तुटत राहते. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि कॉलही जातो, म्हणून राउटरला छोटा बॅकअप जोडलेला बरा.

शेतकऱ्यांशी थेट संबंध असलेली एक बाब इथे सांगितलीच पाहिजे, कारण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. विहिरीवरच्या किंवा नदीकाठच्या मोटारीला लावलेला मोबाइल स्टार्टर हाही एक फोनच असतो. त्यात सिम असते आणि कॉल किंवा एसएमएसवर तो मोटार चालू-बंद करतो. जुन्या स्टार्टरांतले मॉड्यूल बहुतेक 2जीचे असते. घरात सगळ्यांचे जिओ आहे म्हणून त्यातही जिओचे सिम घातले की स्टार्टर हाक ऐकत नाही, आणि मग मेकॅनिक स्टार्टरमधले सर्किट कार्ड खराब झाले म्हणून सांगतो. अशा स्टार्टरला त्या शिवारात ज्या कंपनीचे 2जी नीट पकडते तिचे सिम घालावे. ते पकडते का, हे साध्या बटणांच्या फोनमध्ये तेच सिम घालून स्टार्टरच्या पेटीजवळ उभे राहून तपासता येते. पेटी पत्र्याची असेल तर अँटेना पेटीबाहेर काढलेली हवी. सिमवर पिन कोड किंवा कॉल फॉरवर्डिंग लावलेले नसावे. रिचार्जला डेटाची गरज नाही, येणारे कॉल चालू राहतील आणि मुदत लांब असेल असा फक्त कॉलचा प्लॅन पुरतो. ऐन उन्हाळ्यात मुदत संपली आणि स्टार्टर मुका झाला, तर रात्रीच्या विजेच्या पाळीला माणसाला अंधारातून शिवारात जावे लागते. नवा स्टार्टर घेताना मात्र 4जी व्होल्टीचाच मागावा.

5जीबद्दल थोडक्यात. 5जी असल्याशिवाय आता कॉल लागणार नाही, असे सांगून फोन विकले जातात, ते निखालस खोटे आहे. बोलण्यासाठी 5जी लागत नाही. जिओ आणि एअरटेलच्या 5जीला नवे सिमही लागत नाही, 4जीचेच चालते.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलणार असाल तर कामांचा क्रम जपावा. आधी सिम बदलून घेतले आणि लगेच पोर्टिंगचा अर्ज केला, तर तो फेटाळला जातो. 1 जुलै 2024 पासून सिम बदलल्यावर सात दिवस पोर्टिंगचा कोड मिळत नाही. सिम बदलल्यानंतर पहिले 24 तास एसएमएसही बंद असतात, त्या काळात बँकेचा ओटीपी येणार नाही, म्हणून बँकेचे काम त्याआधी उरकावे. पोर्टिंगसाठी PORT, मग जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा संदेश 1900 वर पाठवायचा. मिळणारा कोड चार दिवस चालतो. आहे त्या कंपनीकडे 90 दिवस झालेले हवेत आणि पोस्टपेडचे बिल थकलेले नको. सगळ्यात आधी मात्र नव्या कंपनीच्या कोणाचे तरी सिम आपल्या फोनात घालून घरात, रानात आणि रोजच्या वाटेवर कॉल लागतो का ते पाहावे. कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर ठेवणे बंधनकारक आहे, तेही पाहावेत. पण सह्याद्रीच्या घड्यांत नकाशापेक्षा प्रत्यक्ष लावलेला कॉल भरवशाचा.

जुना फोन घेणाऱ्यांनी *#06# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक काढावा आणि KYM, जागा सोडून तो पंधरा आकडी क्रमांक, असा संदेश 14422 वर पाठवावा. उत्तरात फोन काळ्या यादीत आहे, क्रमांक दुहेरी आहे किंवा आधीच वापरात आहे असे आले, तर तो घेऊ नये. चोरीचा म्हणून बंद केलेला फोन कोणत्याच कंपनीच्या कोणत्याच प्लॅनवर बोलणार नाही.

माझी मागणी साधी आहे. कंपनीच्या प्रत्येक अधिकृत दुकानात मराठीत एक फलक असावा. कोणता रिचार्ज हँडसेटला बांधलेला आहे, बोलण्यासाठी व्होल्टी लागते का, फक्त कॉलचे प्लॅन कोणते, एवढे त्यावर ठळक लिहिलेले असावे. बटणांच्या फोनच्या खोक्यावर '2जी' किंवा '4जी व्होल्टी', बँडचे क्रमांक आणि दुसऱ्या कंपनीचे सिम चालते की नाही हे मराठी किंवा हिंदीत छापलेले असावे. गिऱ्हाईकाने पैसे देण्याआधी हे कळणे हा त्याचा हक्क आहे, दुकानदाराची मेहेरबानी नव्हे.

चुकीची माहिती देऊन रिचार्ज किंवा फोन गळ्यात मारला गेला असेल तर पावती जपावी. सेवेची तक्रार कंपनीच्या 198 या नि:शुल्क क्रमांकावर करावी आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, त्याशिवाय पुढे काही हलत नाही. निवारण झाले नाही तर 30 दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते, तिथे 39 दिवसांत निर्णय द्यावा लागतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिकडे अर्ज पाठवून महिने घालवू नयेत. हँडसेटच्या विक्रीबद्दलची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर नोंदवता येते. मोबाइल सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगाकडे चालत नाहीत, असे काही ठिकाणी अजून सांगितले जाते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्येच त्या चालतात असा निकाल दिला आहे, त्यामुळे साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दाद मागता येते.

आपला,
एक वाचक, कऱ्हाड (जि. सातारा)